विश्लेषण : इंद्रायणीतला फेस मोजायचा, पण क्लोरोफॉर्मशिवाय? सांडपाणी तपासणीतील ‘हरित द्रावक’ काय आहेत?

आळंदीच्या घाटावर इंद्रायणी फेसाळली की छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि जुनाच वाद नव्याने सुरू होतो. हा फेस कारखान्यांचा की घरांचा? उत्तर हवे असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. गंमत अशी, की पाण्यातला साबण मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत एका नमुन्यामागे साधारण ५० मिलिलिटर क्लोरोफॉर्म खर्च होते. प्रदूषण शोधायला गेलेली प्रयोगशाळा स्वतःच घातक कचरा तयार करते. तो नीट हाताळायचा तर खर्च येतो, आणि खर्च आला की तपासण्या कमी होतात. ‘हरित द्रावकां’ची चर्चा इथूनच सुरू होते.

तळेगावच्या मोरीतले पाणी जाते कुठे?

तळेगाव दाभाडे दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. उत्तरेला इंदोरीजवळून इंद्रायणी वाहते, तर दक्षिणेला सोमाटणे-शिरगावच्या बाजूने पवना. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावलेली इंद्रायणी कामशेत, इंदोरी, देहू, मोशी, आळंदी असा प्रवास करून तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे तळेगावच्या खालच्या अंगाला देहू आणि आळंदी ही वारकऱ्यांची दोन मोठी तीर्थक्षेत्रे येतात. याच टप्प्यात निघोजे येथील बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडसाठी पिण्याचे पाणीही उचलले जाते.

२०११च्या जनगणनेत तळेगावची लोकसंख्या ५६ हजारांच्या घरात होती. त्यानंतर शहरात आणि आजूबाजूला उभी राहिलेली गृहसंकुले पाहता ती बरीच वाढली आहे, हे वेगळे सांगायला नको. नागरी नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले जाते आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. जुनीच लोकसंख्या धरली तरी हा आकडा दिवसाला ६० लाख लिटरच्या आसपास जातो. हे पाणी गटारातून, नाल्यातून किंवा प्रक्रिया प्रकल्पातून कुठल्या तरी नदीच्या दिशेनेच उतरते.

या सांडपाण्यात काय असते आणि मोजले काय जाते?

भांड्याचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीचे फिनेल, तळणीचे तेल, शाम्पू, टूथपेस्ट आणि शरीरातून बाहेर पडलेले औषधांचे अंश. घरातल्या मोरीतून आणि शौचालयातून रोज एवढे सगळे वाहून जाते.

मोजण्याची यादी मात्र छोटी आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७मध्ये सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांसाठी निकष अधिसूचित केले. त्यात आम्लता (पीएच), जैविक ऑक्सिजन मागणी (बीओडी), तरंगते घनकण आणि विष्ठेतील जिवाणू या चारच गोष्टी आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये हे निकष अधिक कडक करण्याचा आदेश दिला. पण साबणाचे रेणू किंवा औषधांचे अंश यांच्यावर रोजची नजर ठेवणारी व्यवस्था त्यातूनही उभी राहिली नाही.

म्हणजे गृहसंकुलाच्या प्रकल्पातून बाहेर पडलेले पाणी कागदोपत्री उत्तीर्ण होऊ शकते आणि तरीही नाल्यात पडताना फेसाळू शकते. यात खोटेपणा नसतो. फेस हा मुळात त्या परीक्षेचा विषयच नसतो.

फेस येतो कशामुळे?

साबण आणि डिटर्जंट यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे तेलाकडे. अशा रेणूंना ‘सरफॅक्टंट’ म्हणतात. त्यांच्यामुळेच तेलकट ताट निघते आणि त्यांच्यामुळेच बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे टिकून राहतात.

पन्नास-साठच्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर असेच फेसाचे ढीग जमत. तेव्हाच्या डिटर्जंटमधल्या रेणूंना फांद्या फुटलेल्या असत आणि जिवाणूंना ते सहज तोडता येत नसत. जर्मनीने १९६१मध्ये यावर कायदा केला आणि उद्योगाने सरळ साखळीचा ‘लिनियर अल्किलबेंझिन सल्फोनेट’ म्हणजे ‘लॅस’ हा रेणू स्वीकारला. आजही धुण्याच्या पावडरीत मुख्यत्वे तोच असतो.

हवा खेळती असलेल्या प्रक्रिया प्रकल्पात लॅसचा बहुतांश भाग जिवाणू खाऊन टाकतात. सेप्टिक टाकीत हवा नसते, तिथे तो फारसा तुटत नाही. म्हणून ज्या भागात मलनिस्सारण वाहिनी नाही आणि टाकीचे पाणी थेट गटारात जाते, तिथला साबण नदीपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक. कच्च्या घरगुती सांडपाण्यात सरफॅक्टंटचे प्रमाण लिटरमागे साधारण १ ते २० मिलीग्रॅम असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस १०५००) ०.२ मिलीग्रॅमची मर्यादा घालून देते. दुसरा स्रोत नसेल, तर फार तर १ मिलीग्रॅमपर्यंत सवलत आहे.

प्रयोगशाळेत तो मोजतात कसा?

जगभर मान्य असलेल्या पद्धतीला ‘एमबीएएस’ म्हणतात. नमुन्यात मेथिलिन ब्ल्यू हा निळा रंग टाकतात. हा रंग एकटा असताना पाण्यातच राहतो. पाण्यात डिटर्जंट असेल तर रंगाचा रेणू आणि डिटर्जंटचा रेणू जोडी जमवतात, आणि ही जोडी पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये जाते.

तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात नमुना आणि क्लोरोफॉर्म घेऊन हलवायचे. थोड्या वेळाने जड क्लोरोफॉर्म तळाशी बसते. ते जितके निळे, तितका पाण्यात साबण जास्त. हा निळेपणा यंत्राने ६५२ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात.

एका नमुन्यासाठी १०-१० मिलिलिटर क्लोरोफॉर्मने तीनदा, आणि धुवून घेताना आणखी दोनदा हे करावे लागते. असे ५० मिलिलिटर झाले. त्याआधी यंत्राची पट्टी जुळवण्यासाठी पाच प्रमाणित द्रावणे आणि एक कोरे द्रावण तपासायचे असते. म्हणजे नदीच्या पाण्याला हात लावण्यापूर्वीच ३०० मिलिलिटर क्लोरोफॉर्म खर्ची पडते.

साबणाचेच असे आहे, असे नाही. तेल आणि ग्रीस मोजायला हेक्झेन लागते. फिनॉल अत्यल्प प्रमाणात शोधायचे तर पुन्हा क्लोरोफॉर्म. औषधांचे अंश शोधणाऱ्या यंत्रांतून दिवसभर असिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल वाहत असते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण माणसाची. क्लोरोफॉर्मला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात कर्करोगकारक असू शकते’ या गटात ठेवले आहे. हेक्झेनच्या वाफेत दीर्घकाळ काम केल्यास हातापायांच्या नसा बधिर होतात. दिवसभर नरसाळे हलवणारा तंत्रज्ञ हे सगळे श्वासातून घेत असतो. वाफ ओढून घेणारे कपाट म्हणजे ‘फ्यूम हूड’ नसेल, तर ही तपासणी करूच नये.

दुसरी अडचण कचऱ्याची. वापरलेले क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतणे हा नियमभंग आहे. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार ते वेगळे साठवून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे द्यावे लागते. पुणे परिसरासाठी असे केंद्र रांजणगावला आहे.

तिसरी अडचण यातूनच येते आणि नदीच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी आहे. फ्यूम हूड, कचऱ्याचा करार आणि प्रशिक्षित माणूस या तिन्ही गोष्टी जिथे आहेत तिथेच तपासणी होणार. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक प्रयोगशाळा पुण्यात आहे. नगर परिषद, महाविद्यालय किंवा गृहसंकुल यांना स्वतःच्या दारातला नाला दर आठवड्याला तपासायचा म्हटला, तर ते आवाक्याबाहेर जाते. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना सोमवारी सकाळचा असेल, तर रविवारी धुण्याच्या वेळी नाल्यात काय होते हे त्यातून कळत नाही.

असे द्रावक पूर्वी कधी बदलले आहे का?

हो, आणि तेही सक्तीने. पाण्यातले तेल-ग्रीस मोजण्यासाठी अमेरिकेत अनेक वर्षे ‘फ्रेऑन-११३’ वापरले जाई. ते ना पेट घेत, ना फारसे विषारी. पण ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांमध्ये त्याचा समावेश होता. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचा निरोप अटळ झाला आणि १९९९मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हेक्झेनवर आधारलेली ‘१६६४’ क्रमांकाची पद्धत अधिकृत केली.

या बदलातून दोन धडे मिळाले. मानक पद्धत ही दगडावरची रेघ नसते, ती बदलता येते. आणि बदललेले द्रावक प्रत्येक बाबतीत चांगलेच असेल असे नाही. हेक्झेन ओझोनला सुरक्षित, पण ज्वालाग्राही आणि नसांना घातक आहे.

दुसरा प्रसंग २००८-०९चा. असिटोनायट्राइल हे दुसऱ्याच एका रसायनाच्या उत्पादनात मिळणारे जोडउत्पादन आहे. मंदीमुळे ते मुख्य उत्पादन घटले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत असिटोनायट्राइलचा तुटवडा पडून भाव भडकले. द्रावक कमी वापरण्याचे महत्त्व तेव्हा हिशेब तपासणाऱ्यांनाही पटले.

‘हरित द्रावक’ म्हणजे नेमके काय?

पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. घातक द्रावक टाळा किंवा निर्धोक द्रावक वापरा, हे त्यातलेच एक. २०१३मध्ये पोलंडच्या संशोधकांनी खास रासायनिक तपासणीसाठी वेगळी १२ तत्त्वे सुचवली. त्यांचा गाभा असा : नमुना कमी घ्या, द्रावक कमी वापरा, शक्यतो नमुना मिळाला तिथेच तपासा, कचरा कमी करा आणि तपासणाऱ्याला जपा.

द्रावकांमध्ये सध्या सर्वाधिक चर्चेत आहेत ती ‘डीप युटेक्टिक’ द्रावके. नाव अवघड असले तरी वस्तू महाराष्ट्रातल्या घरांना अनोळखी नाही. अमृतधारेची बाटली आठवावी. कापूर, पुदिन्याचे सत्त्व म्हणजे मेंथॉल आणि ओव्याचे सत्त्व म्हणजे थायमॉल हे तिन्ही पदार्थ घन आहेत. एका बाटलीत घालून हलवले की थोड्या वेळात आपोआप पाणी होते. ना आच द्यावी लागते, ना पाणी घालावे लागते.

असे का होते? प्रत्येक पदार्थाचे रेणू आपापल्या ठरावीक रांगेत बसले की स्फटिक तयार होतो. दोन वेगळे रेणू एकमेकांना धरून ठेवू लागले की कोणालाच आपली रांग लावता येत नाही. मग मिश्रणाचा वितळणबिंदू दोघांपेक्षाही खाली येतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडे मीठ टाकल्यावर बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो, तो याच तत्त्वाने.

ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अॅबट आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये कोलीन क्लोराइड आणि युरिया यांचे असे मिश्रण जगासमोर आणले. यातला पहिला पदार्थ कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, दुसरा शेतात. पहिला ३०२ आणि दुसरा १३३ अंश सेल्सिअसला वितळतो, पण एकास दोन प्रमाणात मिसळल्यावर ते मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रवरूप राहते.

ते पाण्यात मिसळून जाते, ही त्याची मर्यादा. सांडपाण्यातून काही ओढून घ्यायचे तर पाण्यापासून वेगळे राहणारे द्रावक हवे. तशी पाण्यात न मिसळणारी मिश्रणे २०१५पासून पुढे आली. नेदरलँड्समधील आइंडहोव्हेनच्या गटाने त्यासाठी डेकॅनॉइक आम्ल वापरले. नारळाच्या तेलातही आढळणारे हे आम्ल आहे. पाठोपाठ मेंथॉल आणि थायमॉल यांची मिश्रणेही आली. पाण्यातून कीटकनाशके, बिस्फेनॉल-ए आणि औषधांचे अंश ओढून घेण्यासाठी अशा मिश्रणांचा वापर शोधनिबंधांतून सातत्याने मांडला जात आहे. अमृतधारेतल्या दोन घटकांनी प्रयोगशाळेत जागा मिळवली ती अशी.

थेंबभर द्रावकात काम भागते?

द्रावक बदलणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग द्रावक कमी करण्याचा. इराणच्या संशोधकांनी २००६मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. पाच मिलिलिटर पाण्यात एक मिलिलिटर असिटोनबरोबर केवळ आठ मायक्रोलिटर द्रावक जोरात सोडायचे. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. आठ मायक्रोलिटर हा नेहमीच्या थेंबाचा जेमतेम सहावा हिस्सा होतो. द्रावकाचे असंख्य बारीक कण होऊन पाणी ढगाळते, त्या कणांना प्रदूषक चिकटतात आणि नळी गरगर फिरवली की सगळे तळाशी गोळा होते.

त्या पहिल्या प्रयोगातले द्रावक क्लोरीनयुक्तच होते. म्हणजे प्रमाण घटले, जात तीच राहिली. पुढे त्याच्या जागी हलकी, कमी घातक द्रावके आली. डोडेकॅनॉल हा एक मेदयुक्त अल्कोहोलचा प्रकार २४ अंशांना गोठतो. पाण्यावर तरंगणारा त्याचा थेंब बर्फात धरला की गोठलेल्या तुपासारखी गोळी होते आणि ती चमच्याने उचलता येते. मेथिलिन ब्ल्यू आणि डिटर्जंट यांची जोडी अशा सूक्ष्म प्रमाणातल्या द्रावकात ओढण्याचे प्रयोगही झाले आहेत.

फरक किती पडतो? समजा, इंदोरीपासून देहूपर्यंतच्या नाल्यांवर सहा जागा ठरवल्या आणि वर्षभर दर महिन्याला तपासल्या. नमुने झाले ७२, आणि दर फेरीला सहा जुळवणीची द्रावणे धरली तर तीही ७२. जुन्या पद्धतीत प्रत्येकी ५० मिलिलिटरने ७.२ लिटर क्लोरोफॉर्म लागेल, म्हणजे अडीच लिटरच्या जवळजवळ तीन बाटल्या. तेच काम प्रत्येकी १०० मायक्रोलिटर द्रावकात झाले, तर वर्षभरात १५ मिलिलिटरही लागणार नाही. म्हणजे चहाचे तीन चमचे.

द्रावकाशिवाय काहीच करता येत नाही का?

करता येते, आणि शाळा-महाविद्यालयांना जमेल असे आहे. कपड्यांच्या पावडरीत ‘ऑप्टिकल ब्राइटनर’ असतात. पांढरा सदरा उन्हात झळाळतो तो त्यांच्यामुळे. हे रेणू अतिनील प्रकाशात निळसर चमकतात आणि सुती धाग्याला घट्ट चिकटतात.

ब्राइटनर नसलेल्या साध्या कापसाचा बोळा जाळीत बांधून नाल्यात काही दिवस सोडायचा, मग धुवून, सुकवून अंधारात अतिनील दिव्याखाली पाहायचा. बोळा चमकला तर वरच्या बाजूने घरगुती धुण्याचे पाणी मिसळत आहे, असा अंदाज बांधता येतो. परदेशांत गळक्या मलवाहिन्या शोधण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. यातून लिटरमागे किती मिलीग्रॅम, हे कळत नाही. पण दहा नाल्यांपैकी कुठले दोन आधी तपासायचे, हे कळते. सोबत एक स्वच्छ पाण्यात ठेवलेला बोळा तुलनेसाठी हवाच.

फेस घरांचा की कारखान्यांचा, हे यातून ठरेल?

केवळ साबण मोजून ठरणार नाही. एमबीएएस पद्धत डिटर्जंट आहे एवढे सांगते. ते कारखान्याच्या धुलाईतून आले की स्वयंपाकघरातून, हे ती ओळखत नाही. त्यासाठी फक्त माणसांच्या वस्तीतूनच येतील असे साक्षीदार शोधावे लागतात.

चहा-कॉफीतले कॅफीन, तापाच्या गोळीतले पॅरासिटामॉल आणि साखरेऐवजी वापरले जाणारे सुक्रालोज हे असे साक्षीदार आहेत. सुक्रालोज शरीरात फारसे पचत नाही आणि प्रक्रिया प्रकल्पातही सहज तुटत नाही. त्यामुळे पाण्यात ते सापडले, तर तिथे घरगुती सांडपाणी पोहोचले आहे असे मानतात. कॅफीन चांगल्या प्रकल्पात बऱ्यापैकी नष्ट होते. त्यामुळे नदीत कॅफीन जास्त आढळले, तर कच्चे सांडपाणी सुटत असल्याची शंका घेता येते.

हे साक्षीदार मोजायला मोठी यंत्रे लागतातच. पण नमुना यंत्रापर्यंत नेण्याआधीची तयारी सूक्ष्म निष्कर्षणाने होऊ शकते. तिथेच सर्वाधिक द्रावक वाचते.

‘हरित’ म्हणजे निर्धोक का?

नाही. २०००च्या दशकात ‘आयनिक द्रव’ या द्रावकांचा हरित म्हणून मोठा गाजावाजा झाला. ते वाफ होऊन उडत नाहीत, हे खरे. पण त्यांतले अनेक जलचरांना विषारी असल्याचे आणि निसर्गात सहज न विघटणारे असल्याचे नंतर दिसले. थायमॉलही जंतुनाशक आहे. औषधाच्या बाटलीत तो गुण असतो, नाल्यात ओतल्यावर तोच दोष ठरतो. त्यामुळे वापरलेले हरित द्रावकही बेसिनमध्ये ओतायचे नसते.

कामाच्याही अडचणी आहेत. ही मिश्रणे काकवीसारखी घट्ट असू शकतात आणि पटकन थर धरत नाहीत. सांडपाण्यातला गाळ आणि तेल त्यांच्यात मिसळले की आकडे चुकतात. स्वच्छ पाण्यावर उत्तम चाललेली पद्धत गटाराच्या पाण्यावर तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणूनच कुठली पद्धत किती हरित, हे शब्दांवर न सोडता गुणांनी ठरवण्याची साधने आली. २०२०मध्ये मांडलेले ‘अॅग्री’ हे त्यातले एक. बारा तत्त्वांवर गुण देऊन ते शून्य ते एक असा निकाल आणि घड्याळासारखी हिरवी-पिवळी-लाल तबकडी दाखवते. फ्रिजवरच्या ताऱ्यांसारखेच हे. मात्र अचूकतेची परीक्षा स्वतंत्रपणे द्यावीच लागते.

हा अहवाल कायद्यासमोर टिकेल का?

आज तरी कारवाईसाठी नाही. १९७४च्या जल कायद्यात नमुना कोणी घ्यायचा, कोणाच्या समक्ष घ्यायचा, तो कसा विभागायचा आणि कुठल्या प्रयोगशाळेत तपासायचा, याची रीत ठरवून दिली आहे. अधिकृत प्रयोगशाळा मानक पद्धतच वापरते. नव्या पद्धतीने आलेला आकडा कोणाला दंड करण्यासाठी पुरेसा ठरणार नाही.

पण चाळणी म्हणून तो उपयोगी आहे. दर आठवड्याला स्थानिक पातळीवर सूक्ष्म पद्धतीने तपासणी करायची आणि जिथे आकडा उसळेल तिथलाच नमुना मंडळाच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, अशी विभागणी शक्य आहे. ठरावीक नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून आकडे जुळतात का, हे मात्र पाहत राहावे लागेल. फ्रेऑनकडून हेक्झेनकडे जातानाही अशीच तुलना करावी लागली होती.

जग कुठे चालले आहे?

युरोपीय संघाचा नागरी सांडपाण्याविषयीचा सुधारित कायदा जानेवारी २०२५पासून अमलात आला. मोठ्या प्रकल्पांना औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांचे सूक्ष्म अंश काढणारी चौथी पायरी टप्प्याटप्प्याने बसवावी लागणार आहे आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च ती उत्पादने बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकला आहे. असा खर्च कोणावर टाकायचा तर आधी पाण्यात काय आणि किती आहे, हे मोजावे लागते. नमुने वाढले की द्रावक वाढते. कमी द्रावकाच्या पद्धतींना मागणी येणार, ती त्यामुळे.

तळेगावात काय करता येईल?

मावळातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतात. कापसाच्या बोळ्यांची चाचणी, नाल्यांचा नकाशा आणि सूक्ष्म पद्धतीची मानक पद्धतीशी तुलना हे त्यांच्या आवाक्यातले विषय आहेत. अट एकच : हातमोजे, चष्मा, वाफ ओढणारे कपाट आणि कचऱ्याची वेगळी बाटली याशिवाय काम सुरू करायचे नाही.

मोठ्या गृहसंकुलांना सांडपाणी प्रकल्पाचा अहवाल ठेवावा लागतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत सभासदांनी दोन प्रश्न विचारावेत. बाहेर पडणाऱ्या पाण्यात डिटर्जंट मोजले आहे का? हवा सोडणारी यंत्रणा रात्री वीज वाचवण्यासाठी बंद तर ठेवली जात नाही ना? हवा बंद झाली, की लॅस खाणारे जिवाणूही काम थांबवतात.

घरात पावडर मोजून टाकणे, तळणीचे तेल मोरीत न ओतणे, उरलेल्या गोळ्या शौचालयात न टाकणे, हे नेहमीचे सल्ले आहेतच. ते पाळल्याने नदीत किती फरक पडला, हे मात्र कोणी मोजलेले नसते. पावडर कमी वापरणाऱ्या शंभर घरांचा नाला आणि न वापरणाऱ्या शंभर घरांचा नाला यांची तुलना स्वस्तात करता आली, तर सल्ल्याला आकड्याची जोड मिळेल.

इंद्रायणीच्या काठी फेसाचे छायाचित्र दर वर्षी निघते. त्याखाली तारीख असते, ठिकाण असते. कुठल्या नाल्यातून किती साबण आला, तो आकडा नसतो. तीन बाटल्या क्लोरोफॉर्मऐवजी तीन चमचे द्रावकात तो मिळू लागला, तर आळंदीत दिसणाऱ्या फेसाचा माग इंदोरीपर्यंत आणि त्याही वर काढता येईल.